खुडूक कोंबडी आणि माळव्याचा उन्हाळा

गावठी कोंबडी एके दिवशी अंडी घालणे थांबवते. खुराड्याच्या कोपऱ्यात पिसे फुलवून बसते, जवळ आलेल्या हातावर चोच मारते आणि घशातून घोगरा, तुटक आवाज काढू लागते. अशी कोंबडी आजारी नसते. महाराष्ट्रात तिला ‘खुडूक’ म्हणतात, कोकणात ती ‘रवणाला बसली’ असे म्हणतात आणि माळव्यातला हिंदी बोलणारा शेतकरी तिला ‘कुडक’ म्हणतो. खुडूक आणि कुडक या शब्दांतील साम्य कानाला सहज जाणवते. दोन्ही शब्द बहुधा तिच्या आवाजावरूनच आले असावेत.

तिच्याखाली १२ अंडी ठेवली जातात, २१ दिवस वाट पाहिली जाते आणि शेवटी बाहेर येतात जेमतेम तीन पिल्ले. उरलेली अंडी नासलेली निघतात. मग दोष कोंबडीला दिला जातो: ती नीट बसली नाही, वेळेवर उठली नाही, तिची ऊब कमी पडली. काही घरांत दोष विजेच्या गडगडाटाला किंवा कोणाच्या नजरेला जातो. प्रत्यक्षात अशा अनेक अंड्यांतील जीव कोंबडी बसण्याच्या आधीच संपलेला असतो. तो कसा संपतो, हे समजून घेण्यासाठी उज्जैनसारखे दुसरे ठिकाण नाही. तेथील कोरडा, कडक उन्हाळा अंड्यांची जी परीक्षा पाहतो, तीच परीक्षा गोव्याचे दमट हवामान वेगळ्या रीतीने घेत असते.

उज्जैन म्हटले की गोमंतकीय वाचकाला महाकालेश्वर, शिप्रेचे घाट आणि २०२८ मध्ये येऊ घातलेला सिंहस्थ आठवतो. शहराची वेस ओलांडून घटिया, तराना, बडनगर किंवा महिदपूरच्या दिशेने निघाले की सोयाबीन आणि गव्हाची काळी जमीन सुरू होते. आपल्याकडच्या कौलांना तिकडे ‘कवेलू’ म्हणतात. कवेलूंच्या किंवा पत्र्याच्या छपराखाली, धान्याच्या कोठीमागे कोंबडी आपली जागा शोधते. या भूमीचा आणि कोंबडीचा ग्रंथसंबंधही जुना आहे. सहाव्या शतकात उज्जैन परिसरात होऊन गेलेल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त कुक्कुटलक्षणांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. मात्र त्यातला भर शुभ-अशुभ चिन्हांवर आहे. रवणाची विद्या ग्रंथांपेक्षा घराघरातल्या बायकांच्या हातीच राहिली.

कोंबडी खुडूक का होते

दिवस मोठा होऊ लागला, घरट्यात अंडी साठली आणि त्यांचा स्पर्श पोटाला होत राहिला, की कोंबडीच्या मेंदूलगतच्या पीयूषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन हे संप्रेरक अधिक प्रमाणात स्रवू लागते. त्यामुळे अंडाशयाचे काम थंडावते आणि अंडी घालणे बंद होते. पोटावरची पिसे गळून त्वचेचा एक उघडा, उबदार पट्टा तयार होतो. कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सियस असते. उघड्या त्वचेतून ही ऊब अंड्याला मिळते आणि अंडे आतून साधारण साडेसदतीस अंशांवर राहते. दिवसातून अनेकदा ती चोचीने अंडी फिरवते, कडेची आत घेते आणि आतली कडेला सारते. अंडे एकाच कुशीवर पडून राहिले तर भ्रूण कवचाच्या आतील पडद्याला चिकटतो.

खुडूक बसणे हा पक्ष्याचा मूळ स्वभाव आहे. व्यापारी अंडी उत्पादनासाठी निवडीने तयार केलेल्या जातींत मात्र तो जवळजवळ पुसला गेला आहे. व्हाइट लेगहॉर्नसारखी कोंबडी क्वचितच खुडूक होते, कारण जी कोंबडी तीन-चार आठवडे बसून राहील ती तेवढे दिवस अंडी देणार नाही आणि असा स्वभाव पिढ्यानपिढ्या बाजूला काढला गेला. वर्षाला ३०० अंडी देणाऱ्या संकराची ही किंमत आहे. गावठी कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ८० अंडी देते, परंतु आपला वंश ती स्वतः चालवते. तिला वीज, यंत्र किंवा उबवणी केंद्र लागत नाही. गोव्यातील परसांत संकरित कोंबड्या गावठी कळपात मिसळत गेल्या, तसतशी भरवशाने बसणारी कोंबडी शोधावी लागते, असे पाळणाऱ्यांकडून ऐकू येते. त्यात तथ्य असण्यास कारण आहे, कारण न बसण्याचा स्वभावही रक्तातूनच येतो.

या संदर्भात उज्जैनच्या पश्चिमेकडील झाबुआचे उदाहरण महत्त्वाचे आहे. काळे मांस आणि काळी कातडी असलेला कडकनाथ हा झाबुआ, अलीराजपूर आणि धार या आदिवासी भागातला पक्षी आहे. झाबुआच्या कडकनाथ मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यानंतर महाराष्ट्र, कोकण आणि गोव्यातही अनेकांनी हौसेने कडकनाथ आणला. पैदास करायची वेळ आली तेव्हा मात्र अनेकांना अडचण कळली: ही कोंबडी रवणासाठी फारशी भरवशाची मानली जात नाही. उपाय जुनाच आहे. कडकनाथची अंडी साध्या गावठी खुडूक कोंबडीखाली ठेवायची. ती परकी अंडी आणि त्यांतून निघालेली काळी पिल्ले आपलीच मानते. महागडा पक्षी अशा रीतीने परसातल्या साध्या कोंबडीच्या पंखाखाली वाढतो.

अंडे बसण्याआधीच का नासते

येथे अंड्याचे एक गुपित समजून घ्यावे लागते. कोंबडीने अंडे घातले तेव्हा, ते फळलेले असेल तर, आत भ्रूणाची वाढ आधीच सुरू झालेली असते, कारण अंडे कोंबडीच्या पोटात जवळजवळ पूर्ण दिवस असते. बाहेर आल्यावर ते थंड होते आणि वाढ थांबते. ही थांबलेली अवस्था भ्रूणाला काही दिवस सहन होते. परंतु ती टिकण्यासाठी अंडे साधारण २० अंशांच्या खाली असले पाहिजे. उबवणीची अंडी साठवताना १५ ते १८ अंश तापमान उत्तम मानले जाते, ते यामुळेच.

आता उज्जैनचा एप्रिल-मे डोळ्यांसमोर आणावा. दुपारी पारा ४० अंशांच्या पुढे जातो आणि पत्र्याखालच्या खोलीत तापमान तासन्‌तास ३५ अंशांच्या वर राहते. अशा खोलीत पडलेल्या अंड्यात भ्रूण वाढू लागतो, पण ही ऊब उबवणीला पुरेल एवढी नसते आणि सलगही नसते. माळव्याच्या रात्री प्रसिद्ध आहेत त्या त्यांच्या गारव्यासाठी, आणि त्या गारव्यात ही वाढ पुन्हा मंदावते. दुसऱ्या दिवशी परत तोच खेळ. चार-पाच दिवस अशी ओढाताण झाली की भ्रूण मरतो. वरून अंडे अगदी ताजे दिसते, फोडले तर खाण्याजोगेही वाटते. पण त्यातून पिल्लू कधीच निघणार नसते.

त्यात भर पडते ती साठवणीच्या काळाची. गावठी कोंबडी रोज अंडे देतेच असे नाही. १२ अंडी जमायला पंधरवडा सहज लागतो. म्हणजे शेवटचे अंडे घातले जाते तेव्हा पहिले अंडे दोन आठवड्यांचे झालेले असते. थंडीच्या दिवसांत हे निभावते. उन्हाळ्यात पहिली सात-आठ अंडी जवळजवळ वाया गेलेली असतात आणि कोंबडी निष्ठेने २१ दिवस मेलेल्या अंड्यांवर बसते. उन्हाळ्याच्या शेवटी वळवाचे ढग गडगडतात तेव्हा अंडी फुटायची वेळ आलेली असते, म्हणून विजेच्या आवाजाने अंडी नासतात ही समजूत देशात अनेक ठिकाणी रुजली असावी. घरट्यात लोखंडाचा खिळा किंवा कोळसा ठेवण्याची प्रथाही त्यातूनच आलेली दिसते. खिळ्याने अपाय काही नाही, फक्त कारण भलतीकडेच शोधले जाते.

यावर उपाय स्वस्त आहे. रोजचे अंडे रोज उचलावे. घरट्यात एक जुने, पेन्सिलीने खूण केलेले अंडे ठेवावे, म्हणजे कोंबडी जागा बदलत नाही. उचललेली अंडी मातीच्या मडक्यात, ओल्या वाळूच्या थरावर कोरडे फडके अंथरून त्यावर, टोकदार बाजू खाली करून ठेवावीत. मडके घराच्या सर्वांत गार, अंधाऱ्या कोपऱ्यात असावे आणि बाहेरून त्याला ओले कापड गुंडाळावे. माठातले पाणी ज्या तत्त्वाने गार होते त्याच तत्त्वाने मडक्यातली अंडी गार राहतात आणि उज्जैनच्या कोरड्या हवेत हा गारवा चांगला लाभतो. गोव्याच्या दमट हवेत पाणी सावकाश उडत असल्याने मडक्याचा परिणाम कमी असतो, त्यामुळे आपल्याकडे साठवणीचे दिवसच कमी ठेवणे श्रेयस्कर. घरातला फ्रीज हा या कामाचा पर्याय नव्हे. तेथे चार-पाच अंशांची थंडी असते आणि ती भ्रूणाला सोसत नाही.

साधारण हवेत सात दिवसांपर्यंतची आणि कडक उन्हाळ्यात चार-पाच दिवसांपर्यंतचीच अंडी रवणाला घ्यावीत. एका कोंबडीची तेवढी भरत नसतील तर दोन-तीन कोंबड्यांची किंवा शेजारची अंडी एकत्र करावीत. कळपात आठ-दहा कोंबड्यांमागे एक निरोगी कोंबडा असावा. तीव्र उन्हात कोंबड्याचीही फलनक्षमता घटते, हे अनेकदा लक्षात घेतले जात नाही. फार मोठी, वाकडी, पातळ कवचाची किंवा तडा गेलेली अंडी खाण्यासाठी ठेवावीत. मळलेले अंडे धुऊ नये, कारण धुतल्याने कवचावरचे संरक्षक आवरण निघून जाते आणि जंतूंना वाट मिळते.

घरटे, पाणी आणि गोचीड

खुडूक झालेली कोंबडी लगेच चांगल्या अंड्यांवर बसवण्याची घाई करू नये. दोन दिवस तिला टाकाऊ अंड्यांवर बसू द्यावे. ती हटत नाही, हात घातला तरी घरटे सोडत नाही, असे दिसले की रात्री अंधारात, दिव्याशिवाय, तिच्याखालची अंडी काढून निवडलेली अंडी सरकवावीत. जागा बदलायची असेल तर तीही रात्रीच बदलावी. इतर कोंबड्यांपासून ती वेगळी हवी, नाहीतर त्या तिच्या घरट्यात नवी अंडी घालतात, वयाचा मेळ सुटतो आणि पहिली पिल्ले निघताच कोंबडी उठून गेल्याने मागची अंडी अर्धवट राहतात.

गावठी कोंबडीच्या आकारमानानुसार १० ते १२ अंडी पुरतात. उज्जैनमध्ये डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा आठ-नऊच ठेवावीत. कडेची अंडी उघडी पडली तर सगळीच आळीपाळीने गारठतात. उथळ टोपली किंवा पाटी घेऊन तळाशी मातीचा थर, त्यावर मऊ पेंढा किंवा गवत घालून मध्ये किंचित खोलगट करावे. खोली बेताचीच असावी, नाहीतर अंडी एकमेकांवर चढून फुटतात.

मातीचा थर निव्वळ बैठकीसाठी नसतो. २१ दिवसांत अंड्याने आपल्या वजनाच्या सुमारे ११ ते १३ टक्के पाणी कवचाच्या छिद्रांतून गमावणे आवश्यक असते. ४० ग्रॅमच्या गावठी अंड्यासाठी हे पाणी ५ ग्रॅमच्या आसपास भरते. त्या जागी अंड्याच्या रुंद टोकाला हवेची पोकळी वाढते आणि शेवटच्या दिवसांत पिल्लू पहिला श्वास त्या पोकळीत घेते. उज्जैनच्या वैशाखी वाऱ्यात पाणी अधिक उडते, आतला पडदा चिवट होतो आणि पिल्लू चोच मारून तेथेच अडकते. म्हणून टोपलीच्या तळाच्या मातीवर किंवा भोवतालच्या जमिनीवर शेवटच्या आठवड्यात रोज पाण्याचा हलका शिपका मारावा. अंड्यांवर पाणी घालू नये. गोव्यात जून ते सप्टेंबर नेमकी उलट अडचण असते: पाणी पुरेसे उडत नाही, पोकळी लहान राहते आणि ओल्या पेंढ्याला बुरशी लागते. अशा वेळी टोपली जमिनीपासून वर, वारा लागेल अशी ठेवून पेंढा कोरडा राखावा लागतो.

बसलेली कोंबडी दिवसातून एकदाच, पंधरा-वीस मिनिटांसाठी उठते. या वेळात तिने खावे, पाणी प्यावे, विष्ठा टाकावी आणि धुळीत लोळावे. ती स्वतः उठत नसेल तर उचलून बाहेर ठेवावी, कारण काही कोंबड्या घरटे न सोडता सुकून जातात. ज्वारी, मका, गहू असे अख्खे धान्य तिला चांगले. उज्जैन जिल्ह्यात घरोघरी सोयाबीन असते आणि मूठभर तेच टाकण्याचा मोह होतो, परंतु कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन रोखणारे घटक असतात. ते भाजल्याशिवाय किंवा शिजवल्याशिवाय कोंबडीला घालू नये. उन्हाळ्यात पाण्याचे भांडे सावलीत, मातीचे आणि दिवसातून दोनदा भरलेले असावे. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून, धापा टाकूनच ती शरीराची उष्णता बाहेर टाकते. पत्र्याखाली दुपारी दोन वाजता चोच वासून, पंख सैल सोडून बसलेली कोंबडी दिसली तर तिची टोपली ताबडतोब गार जागी न्यावी, नाहीतर अंड्यांबरोबर तीही जाते. पत्र्यावर पेंढा किंवा तुराट्या पसरणे एवढ्याने बराच फरक पडतो.

घरटे सोडणाऱ्या कोंबडीबद्दल तक्रार करण्यापूर्वी रात्री बॅटरी घेऊन टोपलीचे तळ पाहावेत. तांबडे, बारीक किडे दिवसा फटींत दडतात आणि रात्री रक्त पितात. कोरड्या प्रदेशात कोंबड्यांची गोचीडही असते आणि तिच्यापासून जीवघेणा ताप पसरतो. हलता न येणारी कोंबडी हे त्यांचे सर्वांत सोपे भक्ष्य. नवा पेंढा, चाळलेली राख आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला हा परंपरेचा उपाय आहे, पण जुनी टोपली उन्हात तापवल्याशिवाय आणि भिंतीच्या फटी बुजवल्याशिवाय तो पुरा पडत नाही. प्रादुर्भाव जास्त असेल तर औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच वापरावे. शेतावरची कीटकनाशके कोंबडीवर शिंपडण्याचे प्रकार होतात, त्यात कोंबडीही दगावते.

सातव्या दिवशी रात्री अंधाऱ्या खोलीत मोबाइलच्या दिव्यावर अंडे धरून पाहावे. आत लालसर शिरांचे जाळे आणि मध्ये काळा ठिपका दिसला तर अंडे जिवंत आहे. पूर्ण पारदर्शक दिसले तर ते फळलेलेच नव्हते किंवा फार लवकर मेले. आत लाल वर्तुळ दिसले तर वाढ सुरू होऊन थांबली, आणि साठवणीतील उष्णतेचा संशय येथेच पक्का होतो. चौदाव्या दिवशी पुन्हा पाहून वाईट अंडी काढावीत, कारण नासलेले अंडे फुटले की उरलेल्यांवर जंतू पसरतात. अठराव्या दिवसानंतर हात लावू नये. विसाव्या-एकविसाव्या दिवशी कवचाला तडे जाऊ लागतात. तडा गेल्यापासून पिल्लू बाहेर येईपर्यंत १२ ते २४ तास लागणे स्वाभाविक आहे. या काळात ते पोटात उरलेले बलक आत ओढून घेत असते, म्हणून मदतीच्या भावनेने कवच सोलू नये. याच बलकावर पिल्लू पहिले दोन दिवस दाण्यापाण्याशिवाय राहू शकते, त्यामुळे कोंबडी आपण होऊन उठेपर्यंत थांबावे.

बसवायची नसेल तर

मे महिन्यात खुडूक झालेली प्रत्येक कोंबडी बसवलीच पाहिजे असे नाही. माळव्यात पावसाळा सरल्यापासून होळीपर्यंतचा काळ रवणासाठी बरा. १० एप्रिलला अंडी ठेवली तर पिल्ले १ मेला निघतील, म्हणजे नेमकी भट्टीत. अशी कोंबडी खुडूकपणातून सोडवावी. त्यासाठी नाकपुडीत पीस खुपसणे, पाय बांधणे, पाण्यात बुडवणे असे प्रकार चालतात. हे क्रौर्य आहेच, शिवाय अनावश्यकही आहे. संप्रेरकाची साखळी तुटते ती घरट्याचा स्पर्श आणि पोटाखालची ऊब गेल्यामुळे. जाळीच्या किंवा बांबूच्या कामट्यांच्या तळाचा पिंजरा जमिनीपासून वर टांगावा, खालून वारा खेळू द्यावा, त्यात पेंढा घालू नये, दाणापाणी भरपूर द्यावे आणि उजेडात ठेवावे. तीन-चार दिवसांत तिचा घोगरा आवाज थांबतो. लवकर लक्षात आली तर कोंबडी लवकर सुटते, आठवडाभर बसून राहिलेलीला अधिक दिवस लागतात. त्यानंतर साधारण दोन-तीन आठवड्यांत ती पुन्हा अंडी देऊ लागते.

बसवलेल्या कोंबडीचे गणित वेगळे असते. २१ दिवस रवणाचे आणि पुढे दोन-अडीच महिने पिल्लांमागे, एवढा काळ अंडी बंद. पिल्ले तीन-चार आठवड्यांची झाल्यावर वेगळी करून दिव्याच्या उबेत वाढवली तर ती लवकर मोकळी होते. मात्र मुंगूस, बोका आणि घार यांच्यापासून राखण तेव्हा माणसालाच करावी लागते. पहिल्या आठवड्यात राणीखेत म्हणजेच मानमोडीच्या लसीचा थेंब डोळ्यात घालून घेण्यासाठी गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्याशी आधीच बोलून ठेवावे. लसीची कुपी एका कोंबडीच्या पिल्लांसाठी फोडली जात नाही. म्हणून वाडीतल्या चार-पाच घरांनी आपापल्या कोंबड्या एकाच आठवड्यात बसवाव्यात, म्हणजे सर्वांची पिल्ले एकाच दिवशी दवाखान्यात नेता येतात.